भिजत घातलेली नाव

धक्क्यावरच्या त्या बाईला लोक पाठीमागे बगळी म्हणत आणि तोंडावर वहिनी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्हींचा तिला अभिमान होता. अंगकाठी उंच, मान लांब, आणि एक पाय काठावरच्या दगडावर नि दुसरा नावेच्या कडेवर ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहायची सवय. एखाद्या नवख्यानं तिच्यासमोर चुकून "बगळी" म्हटलं आणि जीभ चावली, तर तीच म्हणायची, "चावू नका हो, जीभ कामाची असते. बगळी तर बगळी. बगळीला मासा मिळतो, कावळ्याला नुसती काव काव."

तलाव मोठा होता. सकाळी पलीकडचा काठ धुक्यात बुडालेला असला की वाटायचं, पाणी कुठे संपतच नाही, ते वर चढून आभाळच होतं. चारी बाजूंना टेकड्या, टेकड्यांवर झाडी, आणि झाडीत शहरातल्या लोकांची उन्हाळी घरं. हिवाळाभर त्या घरांना कुलपं. ऊन तापायला लागलं की गाड्यांच्या टपावर कयाक आणि सायकली बांधून मंडळी यायची, आणि आली की पहिली धाव धक्क्याकडे. धक्क्यावर उतरायला दगडी पायऱ्या होत्या, रुंद, मधोमध झिजून खळगे पडलेल्या. अगदी खालच्या पायरीपाशी, डाव्या हाताला, दगडात एक जाड लोखंडी कडी बसवलेली होती.

त्या कडीला ज्याची नाव बांधलेली, तो धक्क्याचा राजा. कारण उघड आहे. माणूस पायऱ्या उतरतो, पाणी बघतो, खुळावतो, आणि समोर जी नाव दिसेल तिच्यात पाय टाकतो. धक्का लांबलचक होता. पार त्या टोकाला डिझेलच्या रिकाम्या पिंपांच्या पलीकडेही नावा होत्या, पण तिथवर चालत जातो कोण?

कडीची ही जागा विकत मिळत नव्हती आणि वशिल्यानंही मिळत नव्हती. ती शर्यतीत मिळायची. हंगामाच्या पहिल्या रविवारी धक्क्यावरच्या नावाड्यांनी आपापल्या लाकडी नावा वल्हवत तलावातल्या कासव नावाच्या खडकाला वळसा घालून परत यायचं, आणि ज्याच्या नावेचं नाक खालच्या पायरीला आधी लागेल त्याची कडी, हंगाम संपेपर्यंत. अट एकच. नावेत एक उतारू बसलेला हवा आणि उतारूनं वल्ह्याला हात लावायचा नाही. "रिकामी नाव काय, वाराही पळवतो," जुनी माणसं म्हणायची. "माणूस बसवून पळवा, मग नावाडी म्हणा."

बगळीनं ही कडी कितीतरी वर्षं कुणाला घेऊ दिली नव्हती.

आता यातली गंमत अशी, की बगळी मुळात पाण्याची नव्हेच. माहेर माळरानावरचं. लग्न होऊन इथे आली तोवर तिनं पाणी बघितलं होतं ते विहिरीतलं, आणि तेही वरून वाकून. नवरा नावा बांधणारा सुतार, मितभाषी, लाकडाशी बोलेल इतकंही माणसांशी न बोलणारा. तिला वल्हवायला शिकवलं ते नणंदेनं. शिकवलं म्हणजे काय, नावेत बसवलं, वल्ही हातात दिली आणि धक्क्यावर उभं राहून नावेला पायानं ढकललं.

"वन्सं, अहो, मला येत नाही!"

"म्हणून तर ढकललं," नणंद म्हणाली. "येत असतं तर कशाला ढकललं असतं?"

ती दुपारभर घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहिली. सगळा धक्का पायऱ्यांवर बसून हसत होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं नणंद. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याच भावजयीनं त्याच नणंदेला शर्यतीत हरवलं आणि कडी घेतली. पायरीला नाक लावून ती एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमच्याच हातची विद्या हो." असलं गोड बोलणं थपडेपेक्षा झोंबतं.

त्या दिवसापासून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नणंदेचं सासर धक्क्यावरच, पेट्रोल पंपाच्या घरात. तिनं पुढे मोटरबोटी घेतल्या, मागे ओढायचे हवेचे मोठाले फुगे घेतले, हंसाच्या आकाराच्या पायडल बोटी घेतल्या, आणि त्या हंसांना परत बोलवायला हातात धरायचा भोंगा घेतला. दिवसभर तिचा आवाज पाण्यावरून घुमायचा, "लाल हंस! फिरा मागे! लाजताय काय, सगळं दिसतंय इकडून!" म्हणून तिचं नाव भोंगा. पण एक लाकडी नाव तिनं ठेवलीच होती. ती फक्त शर्यतीसाठी. निळीशार, रंगवलेली, वर्षभर झाकून ठेवलेली. एवढ्या मोटरबोटी असताना कडी कशाला हवी, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "तिथे माझ्या वडलांची नाव असायची. सून बसते, लेक बघते. हा कुठला न्याय?"

तर असा हा मामला. आता नाव भिजत घालण्याविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

लाकडी नाव हिवाळाभर शेडमध्ये पडून राहते. लाकूड सुकतं, आक्रसतं, फळ्याफळ्यांमध्ये फटी पडतात, बोट नाही पण कागद सहज जाईल एवढ्या. तशी नाव पाण्यात घातली तर चाळणीसारखी गळणार. मग काय करतात, तर हंगामाआधी नाव उथळ पाण्यात नेतात, तिच्यात दगड भरतात आणि चक्क बुडवून ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना बिलगतात आणि फटी मिटतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, नाव पुन्हा कुमारिका. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. काठाशी बुडालेली नाव दिसली की समजायचं, कुणीतरी शर्यतीच्या तयारीला लागलंय.

त्या वर्षी बगळीनं आपली नाव भिजत घातली आणि ती शहरात लेकीकडे गेली. लेकीचं मूल आजारी होतं. जाताना नवऱ्याला बजावून गेली, "अहो, नावेकडे लक्ष असू द्या."

"बुडालेल्या नावेकडे काय लक्ष द्यायचं? ती काय आणखी बुडणारे?" सुतार म्हणाला, आणि रंधा मारायला लागला.

मूल बरं व्हायला वेळ लागला. ती परतली ती नेमकी शर्यतीच्या सकाळी. बसमधून उतरली, पिशवी खांद्याला, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आली, आणि थांबली. तिची नाव काठावर होती. पाण्यात नाही, काठावर. दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली, स्वच्छ पुसलेली, आणि दगडावर वाळत घातलेल्या चादरीसारखी उन्हात खडखडीत वाळलेली. शेजारी एक भरदार देहाचे गृहस्थ अर्ध्या चड्डीत उभे होते. एका तळव्याला पट्टी, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद.

हे दातांचे डॉक्टर. शहरातला दवाखाना मुलाच्या हवाली करून हिवाळ्यातच इथलं एक घर घेऊन कायमचे राहायला आलेले. माणूस सज्जन, उत्साही, आणि तलावाच्या बाबतीत कोरी पाटी.

"या, वहिनी!" डॉक्टर म्हणाले. "घाबरू नका, वाचली! परवा फिरायला आलो तर बघतो काय, तुमची नाव बुडालेली! आणि काय सांगू, आत कुणीतरी दगड भरलेले! दुष्टपणा बघा लोकांचा. सगळे दगड काढले, दोरी लावली, ओढून बाहेर काढली. हाताची सालं निघाली, पण सोडली नाही. दोन दिवस उन्हात ठेवलीय. आता आत ओलाव्याचा टिपूस सापडणार नाही!"

बगळीनं नावेच्या पोटावरून हात फिरवला. फटींतून उजेड आरपार दिसत होता. उन्हाची एक तिरीप तिच्या पायावर पडली होती, नावेतून गाळून.

शर्यत दुपारी.

तिच्या तोंडात आलेले शब्द कुठल्याही पुस्तकात छापता येणार नाहीत. पण डॉक्टर असे काही उभे होते, जसं पोरानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बुटाची नाडी बांधावी आणि आईकडे बघावं. त्या चेहऱ्यावर थुंकायला दगडाचं काळीज हवं. तिनं शब्द गिळले.

"एकट्यानं काढलीत?" तिनं विचारलं.

"एकट्यानं!" डॉक्टर म्हणाले, आणि का कोण जाणे, पाण्याकडे बघायला लागले.

ती तडक शेडमध्ये गेली. सुतार रंधाच मारत होता.

"अहो! नाव बाहेर काढली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच." त्यानं रंधा थांबवला. "मला वाटलं, तूच सांगितलं असशील डॉक्टरांना. एवढा शिकलेला माणूस उगाच कशाला दगड उचलेल?"

"आता काहीतरी भरा त्या फटींत. सूत भरा, डांबर भरा, तुमचं डोकं भरा!"

"भरेन. पण सुकलेल्या फटीत ठोकून भरलं आणि नाव फुगली, की फळी फाटेल. मग नाव जन्माची गेली." त्यानं तिच्याकडे बघितलं. "या वर्षी राहू दे ना शर्यत."

"राहू दे? आणि कडी ताटात वाढून देऊ तुमच्या बहिणीला?"

बाहेर नणंद आपल्या निळ्या नावेवर फडकं मारत होती आणि कुठलंतरी गाणं गुणगुणत होती. "आलीस का वहिनी?" तिनं हाक मारली. "बाळ कसंय? आणि तुझी नाव बघितलीस का? डॉक्टरांनी किती मायेनं वाळवली! माझी तर अजून ओलीच आहे बघ."

बगळी गोड हसली. तिचं गोड हसणं ज्यांनी पाहिलंय, ते त्यानंतर जरा लांब उभे राहतात. वळून ती डॉक्टरांकडे गेली.

"डॉक्टर, तुम्ही नाव वाचवलीत. आता शर्यतीत माझे उतारू तुम्हीच."

डॉक्टर गहिवरले. "मी? पण माझं वजन..."

"वजनाचं मी बघते. तुम्ही दंड दाखवा. आयुष्यभर दाढा उपटल्यात ना? मग ही धरा." आणि तिनं त्यांच्या हातात घरातली सगळ्यांत मोठी बादली दिली.

नणंदेनं लगेच हरकत घेतली. शर्यतीचा पंच सुतारच असायचा, कारण शिट्टी त्याच्याकडे होती.

"दादा, बादली चालणार नाही. उतारूनं काम करायचं नाही!"

"वल्ह्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम," सुतार म्हणाला. "बादलीविषयी कुणी काही बोललेलं नाही."

"बायकोची बाजू घेतोस?"

"बायकोची घेतली तर बहीण बोलत नाही, बहिणीची घेतली तर बायको जेवायला वाढत नाही. मी शिट्टीची बाजू घेतो." त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत लांब भाषण होतं. ते संपवून त्यानं शिट्टी फुंकली.

धक्क्यावरून आणखी दोनतीन नावा सुटल्या, पण त्या नुसत्या शोभेला. खरी शर्यत दोघींची. नणंदेनं उतारू म्हणून धक्क्यावरच्या चहावालीची सासू बसवली होती, कापसाच्या पेळूएवढी म्हातारी, डोक्यावर छत्री धरून. बगळीच्या नावेत डॉक्टर बसताच नाव एका बाजूला कलली, आणि तळातून पाण्याच्या बारीक बारीक सोंडा वर आल्या, जणू नावेला घाम फुटला.

"अरे! हिला तर भोकं आहेत!" डॉक्टर ओरडले.

"उपसा!"

"मी हिला फार उशिरा बाहेर काढली, वहिनी! आधीच काढायला हवी होती!"

"बोलू नका, उपसा!"

डॉक्टर उपसू लागले. आणि खरं सांगायचं तर माणसानं कमाल केली. बादली भरली की रिकामी, भरली की रिकामी. डावीकडे बघायचं नाही, उजवीकडे बघायचं नाही. त्यामुळे पाणी कुठे पडतंय हेही त्यांनी बघितलं नाही. कासवाच्या खडकापाशी दोन्ही नावा शेजारी आल्या तेव्हा एक अख्खी बादली छत्रीवर बसली, दुसरी छत्रीखाली.

"मेल्या, आंघोळ झालीय माझी!" चहावालीची सासू किंचाळली.

"माफ करा, आजी!" म्हणत डॉक्टरांनी तिसरीही तिथेच टाकली.

आजी नावेत उठून उभी राहिली, निळी नाव डुचमळली, नणंदेचं एक वल्हं हवेत फिरलं, आणि तेवढ्यात बगळीनं खडकाला इतक्या जवळून वळसा घातला की शेवाळ नावेला चाटून गेलं. ती पुढे निघाली. तिचं वल्हवणं बघण्यासारखंच होतं. पाण्यावर वल्हं मारायचं नाही, पाण्याला विचारून आत घालायचं आणि न सांडता बाहेर काढायचं. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं, नाव म्हशीसारखी जड झाली होती, तरी ती पुढेच होती. पायऱ्या दिसत होत्या. पायऱ्यांवरचे लोक उभे राहून ओरडत होते. कडीसुद्धा दिसत होती.

मागून नणंदेचा आवाज आला. भोंगा घरी होता, पण तिला त्याची गरज कधीच नव्हती.

"डॉक्टऽर! ती नाव बुडाली नव्हती हो! वहिनीनं स्वतः बुडवली होती! मुद्दाम! लाकूड फुगायला! तुम्ही वाळवलीत म्हणून गळतेय!"

डॉक्टरांची बादली हवेतच थांबली.

"वहिनी? हे खरं?"

"उपसा, डॉक्टर."

"पण खरं का?"

बगळीला खोटं बोलता आलं असतं. पण दम लागलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, खोट्याला श्वास लागतो. "खरंय! आधी उपसा, मग रडा!"

डॉक्टरांनी बादली खाली ठेवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कवळी!" ते म्हणाले.

"काय?"

"कवळी, वहिनी! माझा सगळा जन्म गेला लोकांना सांगण्यात, की कवळी रात्री पाण्यात ठेवा, सुकली की वेडीवाकडी होते, बसत नाही. भिंतीवर पाटी लावली होती मी! आणि मी... मी अख्खी कवळी उन्हात वाळवली!" त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. दोन्ही हातांनी, म्हणजे बादलीला एकही उरला नाही.

"डॉक्टर! बादली!"

"दोन दिवस उन्हात! आणि पालथी!"

पाणी काय, ते कुणाच्या पश्चात्तापासाठी थांबत नाही. नाव कडेपर्यंत भरली. निळी नाव शेजारून सरकन निघून गेली. चहावालीची सासू जाता जाता छत्री मिटून, ती डॉक्टरांकडे रोखून शिव्या घालत होती. नणंदेच्या नावेचं नाक पायरीला लागलं, शिट्टी वाजली.

बगळी थांबली नाही. कमरेएवढ्या पाण्यात बसून, पाण्याखाली गेलेली नाव, वर फक्त ती, डॉक्टर आणि तरंगणारी बादली, अशी वल्हवत ती पायरीपर्यंत आली. ताठ मानेनं. लोकांनी जिंकणारीपेक्षा जास्त टाळ्या हिला वाजवल्या. पण टाळ्यांना कडी नसते. कडीला निळ्या नावेची दोरी पडली होती.

दुसऱ्या दिवशी बगळीनं आपली नाव धक्क्याच्या पार टोकाला, पिंपांच्या पलीकडे नेली आणि पुन्हा भिजत घातली. दगड डॉक्टरांनी वाहिले. एकेक दगड असा अलगद ठेवत होते जणू खालून नाव दुखलं म्हणेल. रोज सकाळी येऊन ते पाण्यात हात घालून फटी तपासायचे आणि सांगायचे, "वहिनी, सूज चांगली येतेय." कुणी बाहेरचं माणूस बुडालेली नाव बघून हळहळलं की डॉक्टर दोन्ही हात पसरून आडवे व्हायचे. "खबरदार! हात लावाल तर!"

फटी मिटल्या, नाव उपसली, तयार झाली. पण टोकाला येतं कोण? बगळी एक पाय दगडावर, एक नावेवर ठेवून उभी राहायची. समोर नुसतं पाणी. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं, की तिला नुसती गिऱ्हाइकं नको होती. तिला पायरी हवी होती. पायऱ्या उतरणारा प्रत्येक माणूस खालच्या पायरीशी उभ्या असलेल्याला काहीतरी विचारतोच. शेवटची बस कधी, पाणी किती खोल, मोरी कुठाय, माझा चष्मा पाण्यात पडला, हे पोर जरा धरता का, इथे मगरी आहेत का. ती सगळ्यांना उत्तरं द्यायची, आणि मगरीचं विचारणाऱ्याला म्हणायची, "होत्या. माझी सासू वारली, मग गेल्या." आता तिला कुणी मगरीचं विचारत नव्हतं. घरी ती सुताराशी भांडून बघायची, पण त्या माणसाशी भांडण म्हणजे भिंतीवर चेंडू.

आणि तिकडे नणंदेची वेगळीच तऱ्हा. तिला हुकूम सोडायची सवय, उत्तरं द्यायची नव्हे. लोक विचारून विचारून तिचा जीव खात होते. कुणाचं पोर कडेवर, कुणाची चप्पल हातात, आणि तिचे हंस वाऱ्यावर सोडल्यासारखे लव्हाळ्यात जाऊन अडकत होते. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. भोंग्यातून नुसती खरखर यायची, आणि हंसातली जोडपी ऐकू आलं नाही म्हणून खुशाल फिरत राहायची.

एका संध्याकाळी ऊन उतरताना ती धक्क्याच्या टोकाला आली. पिंपावर बसली.

"वहिनी," नणंद घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आज एकानं मला विचारलं, हा तलाव बंद किती वाजता होतो."

बगळीला हसू आलं, तिनं ते दाबलं. "मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? डोकंच चाललं नाही. तू काय सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं, झाकण शोधतोय, सापडलं की लगेच."

नणंदेला हसू फुटलं, त्यातून खोकला आला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "कडी घे परत."

"अशी कशी घेऊ? मी हरलेय."

"मी ओरडले म्हणून हरलीस."

"ओरडायचं नाही असा नियम कुठाय? मी बादली नेली, तुम्ही तोंड नेलंत. फिटंफाट." बगळीनं वल्ह्यावरचं पाणी निपटलं. "पण वन्सं, एक खरं सांगा. डॉक्टर माझी नाव ओढत होते, तेव्हा तुम्ही गंमत बघत बसला होतात ना?"

"नाही."

"माझी शपथ?"

"बघत नव्हते बसले." नणंदेनं पायाचा अंगठा धक्क्याच्या फटीत घातला. "दोरी धरली होती."

बगळीनं मान वळवली. ती लांब मान, पुरती वळेपर्यंत वेळ लागला.

"एकट्या माणसाला निघते होय ती नाव?" नणंद म्हणाली. "अर्धे दगड मीच काढले. त्यांना म्हटलं, माझं नाव कुठे घेऊ नका, पुण्य गुपचूप करावं. चहासुद्धा पाजला. बिचारे किती भले, मला म्हणाले, बाई, तुमच्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं."

आधी बगळीच्या पोटात हललं, मग खांदे हलले, मग ती हसता हसता दगडावरून घसरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. नणंद पिंपावरून हसत होती, आवाज नसलेलं, खरखरणारं हसू. पलीकडे हंसातली जोडपी माना वर करून बघत होती.

"कडी तुमचीच," डोळे पुसत बगळी म्हणाली. "शर्यतीची जागा अशी देता येत नाही, लोक तोंडात शेण घालतील. पण एक करते. तुम्ही तुमच्या हंसांकडे बघा. पायरीवर मी बसते. लोकांची उत्तरं मी देते."

नणंदेनं दोन्ही हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळी पायरीवर. शेजारी कडीला निळी नाव, नियमाप्रमाणे. पहिलंच कुटुंब उतरलं, टोप्या, डबे, पोहायची हवेची टायरं, आणि वडलांनी सवयीनं निळ्या नावेकडे पाय उचलला.

"अहो, थांबा! ती जिंकलेली नाव आहे," बगळी अदबीनं म्हणाली. "हंगामभर इथेच शोभेला. पाय लावत नाहीत तिला. बसायची नाव त्या टोकाला, या माझ्याबरोबर. मगरींचं सांगते वाटेत."

आणि पोरांचे हात धरून, बोलत बोलत, ती सगळ्यांना धक्क्याभर चालवत घेऊन गेली. टोकाला डॉक्टर बादली घेऊन उभे होते, कोरडी नाव पुन्हा पुन्हा पुसत. एक फेरी वल्हवून आली की बगळी पुन्हा पायरीवर. मग दुसरं कुटुंब गेलं, मग तिसरं. चालायला कुणाची ना नव्हती, बोलणारी सोबत असली की धक्का लांब वाटत नाही.

दुपारी हंसांची मोजदाद करून नणंद पायरीपाशी आली. निळ्या नावेकडे बघितलं. तिच्यात सकाळपासून एक माणूस बसला नव्हता. मग तिनं टोकाकडे बघितलं. तिथे रांग लागली होती.

"वहिनी!" तिचा घसा जागच्या जागी मोकळा झाला. "दादाऽ! शिट्टी घेऊन ये! ही बाई काय करतेय बघ!"

सुतार शेडच्या दारात आला. त्यानं कडीकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, टोकाच्या रांगेकडे बघितलं. डोकं खाजवलं.

"कडीला तुझीच नाव आहे," तो म्हणाला. "पायरीवर कोण बसतं, याविषयी कुणी काही बोललेलं नाही."

आणि तो पुन्हा आत गेला, कारण रात्री जेवायला वाढणारी बायकोच होती.